उजवी टाच इंदूची, डावी वैजूची

वैजू, अशी जवळ येऊन बस. आईच्या तेराव्याला आलीस, सगळ्यांना चहा दिलास आणि माझ्याकडं न बघता सांगलीची गाडी धरलीस. मोठ्या आईवर एवढा राग बरा नव्हं, बाई. कागदावर का होईना, ऐकून घे. चार बायकांत खोटं बोलले होते, तर खरं निदान तुला तरी सांगायला हवं.

तुझी आई इंदू, माझी धाकटी जाऊ. ती गेल्याचा दवाखान्यातनं फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. उठायला गेले आणि उजवी टाच अशी ठणकली, की मनात पहिलं हेच आलं... इंदूला हाक मारावी.

मागच्या थंडीत माझ्या दोन्ही टाचा धरल्या होत्या. सकाळी पाय जमिनीला टेकला की बाभळीचा काटा रुतल्यासारखं व्हायचं. इंदू एरंडेल लावून काशाच्या वाटीनं तळवे घासायची. संध्याकाळपर्यंत सुख, दुसऱ्या सकाळी काटा तिथंच. तू फिजिओथेरपी शिकलेली. आलीस ती टाच सोडून पोटरीतच अंगठे रोवलेस, घोटा धरून सांधा मागं-पुढं हलवलास. इंदू म्हणाली, "टाच दुखती न् ही पोटरी चेपती. पोट दुखलं तर डोकं दाबशील व्हय गं?" तू हसून म्हणालीस, "आई, दुखतंय खाली, पण ओढ हाय वरची, पोटरीची." शेवटी ठरलं, उजवा पाय आईचा, डावा लेकीचा. निकाल माझा. तू दर रविवारी कराडला यायला लागलीस.

संक्रांतीपर्यंत डावी टाच गप्प झाली. उजवी तशीच. हळदीकुंकवाला सगळ्या बायकांदेखत इंदूनं विचारलं, "आवं आक्का, कुठला पाय हलका?" मी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, "उजवा." वाटलं, तू शिकलेली, तुला काय फरक पडतो? तर इंदू म्हणाली, "एवढं शिकून शेवटी वाटीच कामाला आली." बायका हसल्या. तू हातातला तिळगूळ ताटात ठेवलास. तुझे रविवार तिथंच थांबले. मायलेकींचं बोलणं फोनवर, तेही जेवलीस का, एवढंच.

तुला ठाऊक नाही ते पुढचं. उन्हाळ्यात एकदा माझा तळवा घासता घासता इंदूनं वाटी खाली ठेवली. तिचे अंगठे हळूहळू पोटरीवर चढले, अगदी तू दाबायचीस तसे. मान वर न करता ती म्हणाली, "मला दिसत न्हाई व्हय, आक्का? तुमी उजव्या पायानंच लंगडताय." मग खाली ठेवलेल्या वाटीकडं बघत म्हणाली, "पोरीचा हात बरोबर हाय. दिवाळीला आली की शिकून घीन तिच्याकडनं."

तुला तेव्हाच फोन करायला हवा होता. मी केला नाही. माझं खोटं उघडं पडेल म्हणून... आणि दिवाळी इंदूला काही मिळाली नाही.

तिची वाटी माझ्या खिडकीत आहे. आतलं तेल मी पुसलेलं नाही. टाच अजून दुखते, पण कुणाला हात लावू दिला नाही. या रविवारी ये, गं. पोटरीवर इंदूचे अंगठे कुठवर येऊन अडले होते, ते तुला दाखवायचं आहे.