गायींची लस आणि माझी

मला सातवा महिना लागला तेव्हा मी काष्टीला सासरी होते. आदल्या हिवाळ्यात माझ्या जावेला आठव्या महिन्यात फ्लू झाला आणि तिला नगरच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. तिची ती तडफड मी उशाशी बसून पाहिली होती. म्हणून तपासणीच्या वेळी नर्सबाईंनी फ्लूच्या लसीचं सांगताच मी हो म्हटलं. बाळालाही पहिले काही महिने तिचा आधार मिळतो, असं त्या म्हणाल्या.

चुलतसासऱ्यांनी मात्र ओसरीवर सभाच भरवली. "पोटुशा बाईला कशाला सुई? मोबाईलवर आलंय, लई वंगाळ असती ती." या गृहस्थांनी जन्मात कुणा आजाऱ्याला पाण्याचा घोट दिला नव्हता. जाऊ दवाखान्यात होती तेव्हा एकदा आले आणि चहा पिऊन गेले.

"मग गोठ्यातल्या गायींना लाळ्या-खुरकुताची लस का देता?" मी विचारलं.

"गायीचं येगळं हाय. आजारी पडली की दूध आटतं."

लाज वाटण्याइतकीही अक्कल त्यांना नव्हती. दुसऱ्याच दिवशी मी नवऱ्यासोबत जाऊन लस घेतली. दंड दोन दिवस दुखला, एवढंच.

मुलगी झाली तेव्हा हेच चुलतसासरे खोकत खोकत बघायला आले. मी त्यांना दारातच थांबवलं. "बरे झाल्यावर या," म्हटलं. ते रागावून गेले, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.