सीटीची वायर अन् माहा उजवा हात

मी अनसिंगचा, सबस्टेशनवर ठेक्यानं लागलेला वायरमन. आमच्या इकडचे सारे वायरमन पह्यले वावरातल्या पंपावर शिकतेत. स्टार्टरची वायर उपसली की पंप मेला, मंग लावा हात बिनधास्त. आमचा फोरमन बी तिथंच शिकला अन् तिथंच थांबला. सीटीचं, म्हंजे सबस्टेशनातल्या करंट ट्रान्सफॉर्मरचं, सारं उलटं हाय. लाइनवरचा मोठा करंट लहान करून ती मीटरले देते. लाइन चालू असताना तिच्या मीटरकडच्या वायरा मोकळ्या सोडल्या, की त्या टोकायवर जीव घेनारं व्होल्टेज चढते. म्हनून मीटर काढाचा असन तं अगोदर दोन्ही वायरा लिंकनं, म्हंजे धातूच्या पट्टीनं, एकमेकीले जोडाच्या, मंगच हात घालाचा.

त्या सकाळी पॅनेलवरचा अँपिअर दाखवनारा मीटर बंद पडला. गव्हाच्या पान्याचे दिवस. लाइन बंद केली तं गावची मंडळी येऊन डोक्यावर बसतीन, म्हनून फोरमननं शटडाउन घेतला नाही. मी लिंक शोधत होतो, ती सापडंना. थांबा, लिंक लावू द्या म्हनलो, तं त्यानं साऱ्या स्टाफासमोर माह्या बायकोचं नाव काढलं. तिलेच पाठव म्हने, तिचा हात तुह्यापेक्षा कमी कापते. सारे खो खो हसले.

"वायर काढल्यावर करंट राह्यते कुठी बे?" तो म्हनला. "काढ."

माहं काम राह्यलं काय अन् गेलं काय, त्याच्याच हातात होतं. मी काढली.

निळा जाळ निघाला, अन् माह्याच मासाचा वास माह्या नाकात गेला. अकोल्याले दवाखान्यात उजव्या हाताची तीन बोटं कापली. हा भला मानूस फोरमन केळं घेऊन भेटाले आला अन् खाटेजवळ बसून माह्या बायकोले सांगून गेला, की यानं मले न इचारता हात घातला. ठेकेदारानं तेच खरं धरलं. तवा हसनाऱ्यायपैकी एकाचंबी तोंड उघडलं नाही. किडे पडो त्यायच्या तोंडात.

मेहेरबानी म्हनून मले गेटवर बसवलं. यंदा सुरक्षा सप्ताहात माह्या गळ्यात हार घातला. फोरमननं माहा हात धरून वर केला अन् नव्या भरतीले दाखवला. निष्काळजीपना केला की असं होते, म्हनला. मी हात हिसकला अन् साऱ्यायले आयकू जाईन असं इचारलं, "साहेब, लिंक लावू द्या, असं मी म्हनत होतो का नाही?"

तो हसला. नव्यायकडं वळून म्हनला, "बोटं गेली, पन जीभ पाहा कशी चालून राह्यली."

नवेबी हसले. त्यायतल्याच एकाले त्यानं दुपारी मीटर बदलाले धाडलं. लाइन चालू होती. मी गेटवरून वरडलो, लिंक लाव रे बापा अगोदर. त्या पोरानं माह्या हाताकडं पाह्यलं, हसला, अन् पेचकस घेऊन आत गेला.