वायसरचे दुधाचे दात

चाकणच्या कंपन्या निघोज्यापर्यंत आल्या, तेव्हा जमिनीच्या उरलेल्या तुकड्यावर अंबुबाईनं ज्वारी पेरली नाही, खोल्या उभ्या केल्या. पत्र्याच्या खोल्यांची एक लांब ओळ, पुढं सारवलेलं अंगण, अंगणात कडुनिंब. तिथं बीडची, परभणीची, लातूरची पोरं राहतात. एक शिफ्टला निघाला की दुसरा त्याच्याच जागेवर आडवा होतो. सगळे तिला मावशी म्हणतात आणि तिच्या अंगणात चपला सरळ ओळीत काढतात.

उन्हाळा सरताना विलासनं कंपनीच्या कुंपणाजवळून कुत्र्याचं एक पिल्लू शर्टाच्या आत घालून आणलं. विलास परभणीकडचा, पोरांमध्ये वयानं मोठा आणि बोलायला कंजूष. पिल्लाच्या एका डोळ्याभोवती पांढरं गोल कडं होतं. प्रेस शॉपमधल्या पोरांना ते बघताच नाव सुचलं, वायसर, बोल्टखालच्या गोल चकतीवरून. अंबुबाई दोन दिवस त्याच्याकडे बघायलाच तयार नव्हती. तिसऱ्या दिवशी ते तिच्या पायाशी झोपलं, आणि तिनं पाय हलवला नाही.

आषाढ लागला तसे वायसरचे दात शिवशिवू लागले. चपला गेल्या, मोबाइलच्या वायरी गेल्या, मावशीच्या तपकिरीच्या डबीवर दातांची नक्षी उमटली. आखाडाचे दिवस, रविवार आला की खोल्याखोल्यांतून कोंबडी शिजे, आणि जो तो आपल्या ताटातली हाडं वायसरपुढं टाके. घरापासून लांब राहणाऱ्या माणसाला कुणाला तरी भरवावंसं वाटतं. त्यात वाईट काहीच नव्हतं.

पण एका रविवारी वायसर ओरडेना की खाईना. तोंड उघडं ठेवून, लाळ गाळत नुसतं पंजानं जबडा खरवडत राहिलं. अंबुबाईनं त्याला पदरात गुंडाळलं आणि रिक्षानं चाकणला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. शिजलेल्या हाडाची सुईसारखी कपची टाळूत रुतली होती. बाईंनी ती चिमट्यानं काढून अंबुबाईच्या तळहातावर ठेवली. ही वर अडकली म्हणून वाचलं, म्हणाल्या. पोटात गेली असती तर आतडं फाडलं असतं. शिजलेलं हाड कधीच नाही. कच्च्या नळीनं कोवळे दात मोडतात आणि लहान पोटाला रोगही लागतो. जे द्याल त्यावर आधी नख दाबा, रुतलं तरच द्या. अख्खं तोंडात मावेल असं देऊ नका. आणि ते चावत असेल तोवर जवळून उठू नका.

अंबुबाईनं ती कपची पदराच्या गाठीत बांधली. परतताना रिक्षातच तिचं ठरलं होतं. ह्या जिवाला पक्के दात येईपर्यंत त्याच्या तोंडात जाणारी प्रत्येक वस्तू आपल्या नखाखालून जाईल.

घरी येऊन तिनं पोरांना गोळा केलं आणि सगळं सांगितलं. हाड नको तर मग रबर, असं गणराजच्या डोक्यात आलं. गणराज बीडचा, गाड्यांचे रबरी भाग बनवणाऱ्या कंपनीत कामाला. दुसऱ्या दिवशी त्यानं रिजेक्शनच्या पेटीतला एक जाडजूड काळा बुश, रबराचं कडं, आणला. इंजिनाखाली बसतो मावशी, वर्षानुवर्षं फाटत नाही, असं छाती फुगवून सांगितलं. अंबुबाईनं नख दाबलं, ते रुतलं. आकार तोंडापेक्षा मोठा. तिनं तो दिला आणि शेजारी बसून राहिली. थोड्या वेळानं तिला बुशच्या कडेला खाच दिसली. तिनं लगेच वायसरच्या जबड्यात बोट घातलं आणि दाढेमागचा काळा तुकडा बाहेर काढला. त्याला तेलाचा उग्र वास येत होता.

"इंजिनाला पोट न्हाई, गणराज," ती म्हणाली. बुश तिनं त्याच्याच हातात परत दिला.

मग ती एकेक वस्तू पारखू लागली. उसाच्या कांडक्याचे धागे सुटले, बाद. कणसाची दाणे काढलेली बुरकुंडी आतड्यात अडकते, असं डॉक्टरीणबाईंनीच फोनवर सांगितलं, बाद. जाड गार गाजर चाललं. जुन्या लुगड्याची घट्ट वेणी करून, भिजवून किराणा दुकानाच्या फ्रीजमध्ये गोठवली, ती वायसरला फार आवडली. फक्त एक नियम होता. दुसरं टोक माणसाच्या हातात पाहिजे, म्हणजे धागा सुटला तरी घशात जाणार नाही.

आखाडाचा शेवटचा रविवार आला. त्या दिवशी सगळ्या खोल्यांचं मटण एकाच पातेल्यात शिजतं आणि अंगणात पंगत बसते. फोडणीच्या आधी अंबुबाईनं हाडाविना थोडं मटण बिनमीठमसाल्याचं उकडून वायसरसाठी बाजूला काढलं. पंगत संपत आली तशी ती घमेलं घेऊन वाटेत बसली. प्रत्येकानं आपली हाडं त्यात टाकायची, मगच उठायचं.

गणराज म्हणाला, "मावशी, आखाडात दारच्या कुत्र्याला हाड दिलं न्हाई तर खंडोबा रागावतो म्हणं."

"खंडोबाला मी सांगते. तू घमेल्यात टाक."

पोरं हसली आणि एकेक करून ताटं रिकामी करून गेली. विलास सगळ्यांत शेवटी उठला. त्याच्या ताटात एकही हाड नव्हतं. अंबुबाईनं त्याच्या ताटाकडं पाहिलं, मग फुगलेल्या खिशाकडं.

"खिशातलं टाक, विलास."

तो खाली बघत म्हणाला, "कामावरून आलो की ते माझ्या हाताकडंच बघतं, मावशी. रिकामा हात कसा दाखवू?"

अंबुबाईनं पदराची गाठ सोडली आणि ती कपची त्याच्या तळव्यावर ठेवली. विलासनं ती बोटानं चाचपली. तिचं टोक अजून टोचत होतं. खिशातली कागदाची पुडी त्यानं घमेल्यात टाकली, आणि कपचीही तिच्यामागं टाकली.

"हात रिकामा कशाला?" असं म्हणत तिनं गार वेणी त्याच्या मुठीत दिली. "तू धर. त्याला वढू दे."

विलास उकिडवा बसला. वायसरनं वेणी पकडली, गुरगुरलं, पाय रोवून ओढू लागलं. विलासही हलका हलका ओढत राहिला. घमेल्यावर झाकण, झाकणावर पाटा ठेवून अंबुबाई तिथंच बसली. सकाळी घंटागाडी येईपर्यंत तो पाटा हलणार नव्हता. तेवढ्यात विलास थांबला. वेणीच्या पिळात तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी पांढरं अडकलं होतं.

"पडला, मावशी."

तिनं तो दात उन्हात धरून नीट पाहिला. मग आपल्या लेकरांचे दात टाकले होते तसाच, उभी राहून, पत्र्यावर भिरकावला. टण् असा बारीक आवाज झाला. वायसरनं कान टवकारले, आणि पुन्हा वेणीला भिडलं.

"धर नीट," ती विलासला म्हणाली. "अजून लई पडायचेत."