आंघोळीआधीचा गुडघा

मुंबईला मी भाचीला दटावायला निघाले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी इतरांवर बरंच तोंडसुख घेणार आहे.

ताईचा फोन आला होता. तिची मुलगी मनवा, वय वर्षं आठ. ती शाळेत प्रार्थनेला उभी राहत नाही, कवायतीच्या तासाला बसून राहते आणि मधल्या सुट्टीत मात्र पळते, अशी चिठ्ठी बाईंनी घरी पाठवली होती. चिठ्ठीतला शेवटचा शब्द होता ‘नाटकीपणा’. ताई म्हणाली, “तुझं ऐकते ती. चार दिवस ये आणि सांग तिला नीट.” आमच्या घरात पंचांगापेक्षा पत्रकं जास्त. वडिलांनी जन्मभर ती छापली, मी कळत्या वयापासून वाटली, पुढे लिहिलीही. लोकांना नीट सांगणं हा आमचा घरगुती धंदाच. मिरजेहून मुंबईची बस धरली.

पहाटे दादरला उतरले तेव्हा फुलबाजार भरात होता. झेंडूचे ढीग, ओल्या गोणपाटाचा वास आणि त्या ढिगांमधून वाट काढत चाललेली माणसं. टॅक्सीवाल्याने काळाचौकी म्हटल्यावर माझ्या बॅगेकडे बघून विचारलं, “गणपतीला का?” मी म्हटलं, गणपतीला अजून अवकाश आहे. तो म्हणाला, “तेच. मंडळवाल्यांनी आत्ताच रस्ता खणलाय. फिरून जावं लागेल.” चाळीच्या तोंडाशी मंडळाचा फलक होता. त्यावर पुढाऱ्यांचे चेहरे मोजून सतरा, आणि खाली कोपऱ्यात, जागा उरली तेवढा गणपती.

तिसऱ्या मजल्यावर दार माईंनी उघडलं. माई म्हणजे ताईच्या सासूबाई, मूळच्या मालवणकडच्या. मनवा नुकती जागी होत होती. आधी तिने भिंतीला हात लावला, मग उजव्या पायावर भार देऊन हळूच उठली आणि डावा पाय न वाकवता, काठीसारखा ओढत दोन पावलं आली. माईंनी तिला पाटावर बसवलं, कोमट खोबरेल गुडघ्यावर चोळलं, तव्यावर कापड गरम करून शेक दिला आणि मोरीत (खोलीतल्याच न्हाणीत) कढत पाण्याने आंघोळ घातली. वेणी, पावडर, इस्त्रीचा गणवेश. नऊ वाजता ही मुलगी जिना दोन-दोन पायऱ्या उतरत गेली.

मी वरून पाहत होते. मनात म्हटलं, नाटक चांगलं बसवलंय.

त्या दुपारी दादरला डॉक्टरची वेळ घेतलेली होती. बाहेर माशांची काचेची पेटी, आत वातानुकूलन, भिंतीवर डॉक्टरांचे कुणाकुणाशी हस्तांदोलन करतानाचे फोटो. मनवाला शाळेतून आणून माईंनी पुन्हा तेल लावलं, पुन्हा आंघोळ घातली. डॉक्टरकडे आणि देवाकडे पारोसं जायचं नाही हा या घराचा कायदा आहे. डॉक्टरांनी गुडघा पाहिला, म्हणजे त्यांची नजर गुडघ्यावरून गेली. मग रक्ताचा जुना रिपोर्ट.

“संधिवाताची टेस्ट निगेटिव्ह आहे. आणि संधिवात आजीला होतो, नातीला नाही. वाढीच्या वयात पाय दुखतात.”

ताईने विचारलं, “पण गुडघा सुजल्यासारखा वाटतो.”

“पडली असेल. काय गं, शाळेत जायचा कंटाळा येतो ना?”

मनवाने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. होय की नाही, ते मलाही कळलं नाही. डॉक्टरांना कळलं. त्यांनी कागदावर टॉनिक लिहिलं. आम्ही खोलीत होतो त्यापेक्षा जास्त वेळ मनवाने बाहेर मासे पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी दाजींच्या आग्रहाने गिरगाव. दाजी म्हणजे ताईचे यजमान, भले गृहस्थ. पण ऑफिसातल्या कुणाचा तरी खांदा जागेवर बसला की तो बसवणारा त्यांना धन्वंतरी वाटतो. एका वाडीत हाडवैद्य होते. लाकडी जिना, दारावर लिंबू-मिरची, आत त्यांच्या तीन पिढ्यांच्या तसबिरी. पिढ्या दाखवल्या की ज्ञान दाखवावं लागत नाही, हा शोध आपल्याकडे फार जुना आहे. त्यांनी गुडघा दोन्ही हातांनी धरून असा पिळला, की मनवाच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंडातून आवाज आला नाही.

“शहाणी आहे पोर,” वैद्य म्हणाले. “वाटी सरकली होती. बसवली.”

हिरवट लेप लावून पट्टी बांधली. खाली उतरल्यावर मी तिला पियूष पाजलं. ती मिशा पुसत म्हणाली, “मावशी, मी रडले नाही हं.” मी म्हटलं, “शाब्बास.” आता तो शब्द आठवला की लाज वाटते.

पट्टीखाली जळजळायला लागलं म्हणून तिथल्याच औषधाच्या दुकानात मलम मागितलं. दुकानदाराने ते एका छापील कागदात गुंडाळून दिलं. आमच्या घरातलं माणूस छापील कागद वाचल्याशिवाय फेकत नाही. कागद स्वस्त, छपाई वाईट, शुद्धलेखन त्याहून वाईट. पण पहिलीच ओळ अशी होती: तुमचं मूल सकाळी लंगडतं आणि दुपारी खेळतं का? खाली लिहिलं होतं की लहान मुलांनाही संधिवात होतो, रक्ताची तपासणी चांगली आली तरी होतो. आणि परळच्या एका रुग्णालयातल्या बाह्यरुग्ण विभागाचा वार.

मी दुकानदाराला विचारलं, “हे वाचायला ठेवलंय ना?”

“गठ्ठा आणून दिला होता कुणी डॉक्टरबाईंनी. कोण वाचतंय, मॅडम. बांधायला बरा पडतो.”

तिसऱ्या दिवशी परळ. गिरण्या होत्या तिथे आता काचेचे मनोरे आहेत, आणि मनोऱ्यांच्या पायथ्याशी, पदपथावर चादरी टाकून, परगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. एका मनोऱ्याच्या जाहिरातीत लिहिलं होतं, ‘निरोगी जीवनाचा पत्ता’. खाली एक बाई पदपथावर स्टोव्ह पेटवून पेज शिजवत होती.

आमचा नंबर साडेअकराला लागला. डॉक्टरबाई गिरगावच्या एका वाडीतल्या, जुन्या मुंबईच्या कॅथलिक कुटुंबातल्या. मराठी अशी बोलत की आमच्या सांगलीच्या बायकाही ओशाळतील. मी कागद पुढे केला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला. “पत्रक वाचून आलेल्या तुम्ही पहिल्याच. मलमाचा डाग आहे, म्हणजे बाकीच्यांचं काय झालं तेही कळलं.”

त्यांनी मनवाला टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, हात वर करायला, जबडा उघडायला लावलं, खाली बसून उठायला सांगितलं. प्रत्येक सांधा, दोन्ही बाजू, सावकाश. मनवाने सगळं केलं, परीक्षेला बसल्यासारखं. मग ताईला एक प्रश्नावली भरायची होती: मुलाला रोजचं काय काय जमतं. ती परदेशातल्या मुलांसाठी बनलेली, इथे कुणीतरी टेबलावर बसून मराठीत आणलेली. नववा प्रश्न, आंघोळीच्या टबात स्वतः उतरता येतं का?

ताई म्हणाली, “टब नाही आमच्याकडे. मोरी आहे.”

“म्हणूनच प्रत्येकाला विचारतेय, तुमच्याकडे काय आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “कुठला प्रश्न ठेवायचा, कुठला काढायचा, ते आम्ही तपासतोय. मनवा, तू सांग. घरी काय जमत नाही?”

मनवा म्हणाली, “संडासात उकिडवं बसायला. सकाळी. चाळीत मागे रांग असते ना, बाहेरून कडी वाजवतात.”

ताईला हे ठाऊक नव्हतं. मलाही नाही. डॉक्टरबाईंनी ते शब्द तसेच लिहून घेतले. मग गुडघ्यावर तळवा ठेवून विचारलं, “इथे येण्याआधी काय केलं?”

ताई अभिमानाने म्हणाली, “तेल, शेक, कढत पाण्याची आंघोळ. तुमच्याकडे यायचं म्हणून सासूबाईंनी आज दोनदा शेकलं.”

“म्हणजे रोज पुरावा धुऊन आणता,” त्या शांतपणे म्हणाल्या. “शेकाने बरं वाटतं, द्या की. पण आधी मला बघू द्या. उद्या आठ वाजता. तेल नाही, शेक नाही, आंघोळ नाही. उठली की तशीच.”

घरी यावरून जे झालं ते मी कुठल्याही सभेत पाहिलेलं नाही.

“चेडवाक (मुलीला) तशीच न्हेवची? पारोशी? लोका काय म्हणतली?” माई म्हणाल्या. “माझ्या हातान काय वायट झाला?”

“वाईट नाही झालं, माई,” मी म्हटलं. “तुमच्यामुळेच ती चालतेय. पण डॉक्टरला दुखणं दिसायला नको का?”

“दुखणा काय दाखवूची वस्तू आसा?”

नीटनेटकेपणाच्या नावाने मुलीचं दुखणं लपवणारी ही रीत फक्त माईंची नाही. पाहुणे येणार म्हणून आपण फाटकी चादर उलटी घालतो, शाळातपासणीच्या दिवशी वर्ग झाडतो, आणि मग तपासणारा म्हणतो, सगळं छान आहे. शेवटी माई म्हणाल्या, “मी पण येतंय. बघूया काय बघता ती.” आणि तेलाची बाटली उचलून फळीवर वर ठेवली.

सकाळी मनवाला चुरगळलेल्या फ्रॉकवर तसंच खाली आणलं. जिन्यावर शेजारच्या वहिनींनी विचारलंच, “काय गो, पडली की काय? आणि आंघोळ नाही?” माईंनी पदर डोक्यावर घेतला आणि त्या पुढे उतरल्या. टॅक्सी लालबागच्या पुलाखाली अडकली. थोडं अंतर चालावं लागणार होतं. मसाला दळण्याचा ठसका रस्त्यावर आला होता, शिंकत आम्ही उतरलो. मनवा कडेला उभी राहिली आणि मला हळूच म्हणाली,

“मावशी, खरं चालू की चांगलं चालू?”

मी तिथे क्षणभर कुणी नव्हते. लेखिका नाही, कार्यकर्ती नाही.

“खरं चाल,” म्हटलं.

ती चालली. पाय काठीसारखा, कंबर एका बाजूला टाकत. लोक वळून पाहत होते. माई तिच्या दुसऱ्या बाजूने, तिच्या चालीने, पाऊल मोजत चालल्या.

डॉक्टरबाईंनी तिला दारातून टेबलापर्यंत येताना पाहिलं. गुडघा जिथवर वाकत होता तिथे थांबल्या, पुढे रेटला नाही. गरम लागतोय असं म्हणाल्या. मग शिंप्याची असते तशी फीत काढून दोन्ही पाय कमरेपासून घोट्यापर्यंत मोजले. दोनदा. डावा पाय उजव्यापेक्षा किंचित लांब होता.

“लहान मुलांत सांधा बरेच महिने सुजलेला राहिला की तिथलं हाड भराभर वाढतं. हे नाटकाने होत नाही.” त्यांनी ताईकडे नाही, मनवाकडे बघून सांगितलं. “संधिवात आहे असं मला वाटतंय. पण क्षयरोग नाही ना, दुसरं काही नाही ना, हे तपासल्याशिवाय नाव पक्कं करणार नाही. आणि डोळे आजच दाखवायचे. या आजारात डोळा आतून सुजतो आणि मुलाला कळतही नाही. उपचार आहेत. उशीर झालाय, फार नाही.”

माईंनी विचारलं, “म्हणजे चेडू खोटा बोलत नव्हता?”

“एकदाही नाही.”

मी महिने मागे मोजत गेले. गेल्या गणपतीत मी याच घरी होते. आरतीला मनवा उठेना, तेव्हा मी तिला दंडाला धरून उभं केलं होतं आणि सगळ्यांसमोर म्हटलं होतं, “नाटकं पुरे.” बाईंच्या चिठ्ठीतला शब्द आधी माझा होता. दादरच्या डॉक्टरांकडे निदान मासे तरी होते. माझ्याकडे नुसता आवाज होता.

डोळे त्या दिवशी ठीक निघाले. ते दर काही महिन्यांनी दाखवत राहायचे आहेत. डॉक्टरबाईंनी घरी करायला एक काम दिलं: मनवा उठल्यापासून तिला मांडी घालून बसता येईपर्यंत किती मिनिटं जातात ते रोज लिहायचं, शेक त्यानंतर. वही कोण धरणार, असं ताईने विचारलं तर माई म्हणाल्या, “माका घड्याळ कळता.”

परतीच्या बसमध्ये मी पत्रक लिहायला घेतलं. सरकारला दोन शिव्या, महागड्या डॉक्टरांना चार, शाळेला दोन. सवयीने हात चालत होता. घाट ओलांडेपर्यंत लक्षात आलं की हे सगळं खरं आहे आणि तरी त्यात ती दारामागे वाजणारी कडी कुठेच नाही. कागद दुमडून ठेवला. डॉक्टरबाईंच्या पत्रकातलं शुद्धलेखन तेवढं दुरुस्त करून त्यांना पाठवलं आहे; पहिली ओळ मात्र जशी होती तशीच राहू दिली.

मिरजेत पोचल्यावर चौथ्या दिवशी फोन वाजला. आधी माई: “चाळीस मिन्टा. मगे तेल लावलंय.” मग फोन मनवाकडे गेला. डॉक्टरबाईंची चिठ्ठी शाळेत दिली होती.

“मावशी, आज प्रार्थनेला सगळे उभे होते,” ती म्हणाली, “आणि मी बसले होते.”