ताईच्या दिरांचं ‘नाइन, डांके’

भरल्या ताटासमोर बसून उपाशी उठण्यात माझ्या ताईच्या धाकट्या दिरांचा हात धरणारा माणूस अख्ख्या जर्मनीत नव्हता. साठच्या दशकाची सुरुवात होती. मी एर्लांगेनला पीएच.डी. करत होतो आणि ते लुडविग्सहाफेनला रसायनांच्या कारखान्यात तीन वर्षांसाठी शिकायला आले होते. सप्टेंबरात त्यांची परतीची बोट होती. म्हणून त्या उन्हाळ्यात जुनी शहरं पालथी घालायची आणि प्रत्येक गावचा पदार्थ त्या गावच्या घरात बसूनच खायचा, असा त्यांनी चंग बांधला. सहकाऱ्यांच्या काका-मावश्यांकडे मुक्काम ठरवून त्यांनी मला कळवलं, “अरे, पुन्हा कोण येतंय इकडे? हीच एक सुट्टी. निघ.”

उत्साह म्हणजे काय, ते मला त्या पंधरा दिवसांत कळलं. पहाटे पाचला बूट घालून तयार. बुरूज दिसला की चढलेच. रेगेन्सबुर्गच्या दगडी पुलाच्या कमानी त्यांनी मोजल्या, पुस्तकात दिल्यापेक्षा एक कमी भरली म्हणून उलट चालत पुन्हा मोजल्या, आणि वर दगडांमधला चुना नखाने खरवडून हुंगला. बेकरीसमोर डोळे मिटून उभे राहत आणि पावात राय नावाचं धान्य किती, गहू किती, ते वासावरून सांगत. गाडीत पुढच्या गावच्या पदार्थाचं वर्णन असं रंगवत, की भाषा न कळणारे शेजारीही आपापले डबे उघडत.

पण पानावर बसले की या सगळ्यावर पाणी पडे. यजमानीण विचारी, “वाढू?” आणि हे मान किंचित तिरकी करून म्हणत, “नाइन, डांके,” म्हणजे ‘नको, आभारी आहे’. मुलाकडचा माणूस पहिल्या विचारण्याला हो कसा म्हणणार? दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा नाइलाजाने ताट पुढे करायचं, ही त्यांच्या घरची रीत. जर्मन बाई मात्र पहिल्या नकारावर विश्वास ठेवून भांडं आत नेई. न्युर्नबर्गची बोटाएवढी सॉसेजेस अशीच गेली. रोटेनबुर्गचा साखर भुरभुरवलेला, चिरोट्यासारखा खुसखुशीत गोळा गेला. मी लगेच हो म्हणून चापायचो, तर बाहेर पडल्यावर ऐकवत, “काय रे, अगदीच तुटून पडतोस.” ताईच्या सासरचे, उलट काय बोलणार?

शेवटचं गाव बांबेर्ग. तिथे एका सहकाऱ्याची विधवा मावशी होती. आम्ही त्यांना आजी म्हणू लागलो. आलुबुखाराच्या केकचा घमघमाट सुटला होता, आणि आता हाही जाणार हे मला बघवेना. मी स्वयंपाकघरात जाऊन आजींना आमची रीत सांगितली. त्या थक्क झाल्या. “युद्धानंतर इथे भुकेल्या माणसाला समोरच्या अन्नाला नाही म्हणताना मी कधी पाहिलं नाही,” म्हणाल्या. मग बाहेर येऊन, बोटांवर मोजत, गंभीरपणे विचारू लागल्या.

“वाढू?”

“नाइन, डांके.”

“वाढू?”

“नको, खरंच नको.”

“वाढू?”

“बरं, आता तुम्ही एवढं म्हणताय तर...”

पाच तुकडे खाल्ले त्यांनी. प्रत्येक तुकड्याला तीन, असं आजींनी पंधरा वेळा विचारलं. पाचव्या तुकड्यावर दिरांचे डोळे भरून आले. “तीन वर्षांत मला कुणी आग्रह केला नव्हता रे,” ते मला मराठीत म्हणाले. मला माझ्या चापण्याची लाज वाटली आणि त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

दुसऱ्या दिवशी आजी स्टेशनवर आल्या. “पुन्हा याल ना?” त्यांनी दिरांना विचारलं.

“नाही जमायचं,” ते खाली बघत म्हणाले. हा नकार मानापानाचा नव्हता, खराच होता.

“या ना.”

“नाही, आजी. खरंच नाही.”

गाडी हलली तेव्हा आजींनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि ते “येईन” म्हणाले. ते पुन्हा कधी येणार नव्हते, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तरी आजी खिडकीला धरून फलाट संपेपर्यंत चालत आल्या.