काय ऐकावं ते मी सांगायचो

कोणतं प्रवचन ऐकावं, हे सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंतची आमच्या समाजातली माणसं मला विचारतात. "भाऊ, मन लागून नाही राह्यलं, काहीतरी पाठवा न." मी पाठवतो. रागावर पाहिजे तर रागावरचं, दुःखावर पाहिजे तर दुःखावरचं. नगरपालिकेत मी बाबू आहे, फायली लावायची सवय हाडात मुरलेली. मोबाईलमध्ये चारशेच्या वर प्रवचनं विषयवार लावून ठेवली आहेत. श्रीलंकेतल्या एका भंतेंचं, ज्यातलं एक अक्षर मला कळत नाही, तेही आहे. ग्रुपवर दीड तासाचं प्रवचन टाकलं की दुसऱ्या मिनिटाला पन्नास जण हात जोडून मोकळे. ऐकतं कोण? पण त्यांना नावं ठेवायचं तोंड मला उरलेलं नाही.

माझी माय विहारात धम्माचा ग्रंथ वाचायची. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, रोज संध्याकाळी. आमचं राज्य हिंदी, म्हणून शाळा हिंदीत. मराठी आम्ही घरात बोलतो, पण धड वाचता येणाऱ्या बाया कमी. माय सीमेपलीकडच्या काटोलकडून लग्न होऊन आलेली, मराठी चौथी शिकलेली, म्हणून हा मान तिचा. निंदणाहून परतलेल्या बाया हातपाय धुऊन येऊन बसायच्या, त्रिशरण-पंचशील व्हायचं, आणि माय पांढऱ्या फडक्यातला ग्रंथ सोडून ओळीखाली बोट धरायची.

वाचायची म्हणजे अडखळायची. एकेका पानाला एकेक संध्याकाळ जायची, कारण मधेच कोणीतरी विचारायचं, "तृष्णा म्हंजे काय व बाई?" माय ओळीवरचं बोट न हलवता सांगायची, "कापूस येचतानी दुसरीची ओटी किती भरली ते पाह्यतं न तू? तेच." बाया हसायच्या. जिला लागायचं ती तेवढी गप्प बसायची.

मला लाज वाटायची. खोटं कशाला बोलू? मी मोठमोठ्या विद्वानांची प्रवचनं ऐकणारा माणूस, आणि आमच्या विहारात धम्म असा कापसाच्या ओटीत बांधून वाटला जात होता. विहाराच्या कमिटीत मी म्हणालो, औंदा जाणकारांचं काही ऐकवू, निवडायचं काम माझ्याकडे द्या, स्पीकर मी आणतो. कमिटीतल्या पुरुषांनी माना डोलावल्या. त्यातला एकही कधी वाचनाला बसलेला नव्हता.

मायला घरी सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती.

"मंग मी काय करू?" तिनं विचारलं.

"तू आता आरामात आयक न माय. इतके वर्सं तूच वाचलं."

आपण तिच्यावर उपकारच करतो आहोत, असं मला खरोखर वाटलं होतं. तिनं काही वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं ग्रंथ फडक्यात बांधला, विहाराच्या आलमारीत ठेवला आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. सौंसरचा चांगला संत्रा गाडीत बसून बाहेर जातो आणि आम्ही डागी खातो, हे आम्हाला अंगवळणी पडलेलं आहे. पण इथे तर पिकतं झाड मीच उपटलं, आणि बाहेरचा माल आणून लोकांना वाटत बसलो.

स्पीकर सुरू झाला. आवाज खणखणीत, भाषा शुद्ध, कुठे अडखळणं नाही. पहिल्या आठवड्यात विहार भरलेला होता, पोळ्यापर्यंत आठ-दहा बाया उरल्या. "यायले गोडीच नाही," मी घरी येऊन बडबडायचो. माय मात्र रोज यायची. भिंतीला टेकून, मांडीवर हात ठेवून बसायची. एकदा घरी परतताना तिनं विचारलं, "त्याले काही विचारता येते का रे?"

"कोनाले?"

"तुह्या डब्ब्याले."

मी हसलो. ऑफिसात हा किस्सा रंगवून सांगितला, तिथेही सगळे हसले. मायनं परत त्या डब्याबद्दल एक शब्द काढला नाही.

पुढे मी स्वतःच रेकॉर्डिंग करायला लागलो. पौर्णिमेला कुठले भंते आले की मोबाईल त्यांच्यासमोर मांडून ठेवायचो. मग घरी बसून साफसफाई. खोकला काप, लेकराचं रडणं काप, खीरदानाच्या भांड्यांचा आवाज काप, बायांची कुजबुज काप. माझ्या फायली इतक्या स्वच्छ की बोरगावच्या एका मास्तरांनी फोन करून शाबासकी दिली होती. मी फुगलो होतो.

मागच्या हिवाळ्यात माय गेली. चार दिवस ताप, नागपूरला नेलं, तिथून बोलती परत आलीच नाही. पुण्यानुमोदनाला, तिच्या नावानं सगळे विहारात जमले तेव्हा, शेजारची म्हातारी मावशी माझ्याजवळ आली. मायच्या वाचनाला सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी हीच. म्हणाली, "बापू, तुह्यापाशी तं साऱ्यायचं रेकॉर्ड रायते. मायचं वाचन लाव न. एकच पान लाव." बाकीच्या बायाही वळून माझ्याकडे पाहायला लागल्या. मी म्हणालो, शोधतो.

शोधायचं काय होतं? मला तेव्हाच माहीत होतं. तिचं वाचन मी कधी रेकॉर्डच केलं नव्हतं. तरी महिनाभर चारशे फायली चाळल्या, जुने मोबाईल चार्ज केले. कुठे भंते थांबले की कान टवकारायचो, आणि तिथे माझीच कात्री फिरलेली असायची. शेवटी एका जुन्या मेमरी कार्डावर एक न कापलेलं रेकॉर्डिंग सापडलं. त्यात माय होती. मी ते एकदाच ऐकलं आणि त्या दिवशी ऑफिसला गेलो नाही.

बायांना कबूल केलं होतं, म्हणून पौर्णिमेला स्पीकर घेऊन विहारात गेलो. लाजच राखायची तर आता कोणासाठी राखायची होती? लावलं. भंते मैत्रीवर, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्यावर, बोलत आहेत. पाणी प्यायला थांबतात. पंखा घरघरतो. मग एका बाईचा आवाज, भंतेंना नाही, मायला विचारणारा: "ज्याले समजतच नाही का आपुन कोनाचं मन दुखवलं, त्याच्यावर मैत्री कशी ठेवाची व बाई?"

आणि माय: "अवं, त्याचं असं हाय, पाह्य…"

आणि मी: "माय, चूप बस न! रेकॉर्डिंग सुरू हाय."

मग नुसता पंखा. मग भंते पुन्हा सुरू होतात.

मी स्पीकर बंद केला. मावशी हातावर जोर देत पुढे सरकली.

"हे मीच इचारलं होतं, बापू. तवा उत्तर भेटलंच नाही. मंग मीबी नाही इचारलं." मग म्हणाली, "काय सांगत होती ती?"

माझ्या हातात मोबाईल होता. नुसत्या मैत्रीवरचीच तीस-चाळीस प्रवचनं होती त्यात.

"मालूम नाही, मावशी," मी म्हणालो.