चरबीच्या बरण्यांवरचा तिसरा आवाज

"कुणी बघणार नाही अशा जागी ठेव, असं तुम्हीच म्हणाला होतात," थॉमसिन म्हणाली. "ठेवलं. इतक्या वर्षांत कुणी बघितलं का?"

"ठेव म्हणालो होतो! कापून बरण्यांना बांध म्हणालो नव्हतो!"

ऑल्डमिन्स्टरच्या मोठ्या देवळाचा गायनमास्तर अँब्रोज क्रेसवेल फडताळासमोर जमिनीवर बसला होता. मांडीत डुकराच्या चरबीची बरणी. बरणीच्या तोंडावर दोऱ्याने आवळून बांधलेलं, गोल कातरलेलं वासराच्या कातड्याचं पान. पानावर सूर लिहिलेले, त्याचेच, त्याच्याच अक्षरात. फडताळात अशा बरण्यांची रांगच होती.

"हे पवित्र कुमारीचं स्तोत्र आहे, थॉमसिन. तीन हिवाळे घातले मी त्यात."

"आणि मी त्यावर चार हिवाळे काढले. एका बरणीला उंदीर लागला नाही. तुमच्या देवळातल्या कुठल्या पुस्तकाबद्दल असं सांगता येईल?"

चुलीपाशी बसलेल्या सासूबाई, विनिफ्रेड, ज्वालांकडे बघत म्हणाल्या, "खाटकाची मुलगी करू नकोस म्हणून मी तेव्हाच सांगितलं होतं."

"आई, त्याच बरणीत बोट घालून नाताळात कोण चाटत होतं?" थॉमसिनने विचारलं.

सासूबाईंना मग ऐकू येईनासं झालं.

भांडण चरबीचं नव्हतं, घराचं होतं. हे घर गायनमास्तराच्या जागेला जोडलेलं. जागा गेली की चूल, कोंबड्या, डुकराचं खुराडं, सगळं गेलं. आणि आदल्या दिवशीच देवळाच्या प्रमुखांनी, डीनसाहेबांनी, बोलावून सांगितलं होतं: बालराजा वारला, बहीण गादीवर आली, तिच्याबरोबर लॅटिन परत आलं. ईस्टरला खुद्द बिशप येणार. त्यांच्यापुढे मास्तरांचं ते जुनं पाच आवाजांचं स्तोत्र व्हायला हवं. जमत नसेल तर शेजारच्या गावात एक माणूस आहे, त्याने आपली जुनी पुस्तकं सांभाळून ठेवली आहेत.

अँब्रोज लोकर विंचरणाऱ्याचा मुलगा. आवाज गोड म्हणून सातव्या वर्षी देवळाने उचलला, आवाज फुटल्यावर ऑर्गनपाशी बसवला. बोलायला तो संकोची. 'मीठ दे' म्हणायला त्याला अर्धं जेवण लागे. पण सुरांत एका शब्दावर पाऊण पान रेंगाळायचा. मग बालराजाच्या मंडळींचा हुकूम आला: लॅटिन बंद, पुस्तकं जाळा, इंग्रजीत गा, एका अक्षराला एकच सूर, लोकांना शब्द कळले पाहिजेत. जन्मभर ज्या देवाला तो लांबलचक हाका मारत आला, त्याला आता थोडक्यात बोलवायचं होतं. थॉमसिनला त्यात विशेष काही वाटलं नाही. पोरीच्या झग्याला टीप घालायची, वाढली की उसवायची. कापड तेच राहतं.

जाळायचा मात्र त्याला धीर झाला नाही. गाणाऱ्यांची रीत अशी की प्रत्येक आवाजाचं पुस्तक वेगळं, सगळं गाणं एकत्र कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून त्याने पाची पुस्तकं पांगवली. पहिला आवाज घंटावाल्याच्या गादीत, दुसरा भटारखान्याच्या माळ्यावर, चौथा आणि पाचवा एका कबरीत, कबरीच्या मालकाला न विचारता. तिसरा बायकोकडे.

बाकीचे चार सापडले. कबरीतल्यांना थोडी बुरशी होती, एवढंच.

"तुम्हीच रचलंय ना?" थॉमसिन म्हणाली. "मग पुन्हा लिहून काढा."

"वरचा आवाज लोकांना आठवतो, खालचा खांबांना. तिसरा कुणालाच आठवत नाही. पण तो काढला की सगळं कोसळतं."

"म्हणजे घरातल्या बाईसारखा," ती म्हणाली. पण झालं ते बरं झालं नाही, हे तिला पहिल्यांदा तेव्हा कळलं.

तिने मग एका बरणीचा दोरा सोडला आणि पान हलकेच उचललं. चरबी पानात वरपर्यंत मुरली होती; शाई तिच्यावरच राहिली, उलटी उमटून. पान कोरं. अँब्रोज असा ओरडला की बाहेर कोंबड्या उडाल्या.

"बरं," थॉमसिन म्हणाली. "पानं निघत नाहीत. मग बरण्याच देवळात न्यायच्या."

काही बरण्या तिने शेजारीपाजारी वाटल्या होत्या. त्या गोळा करायला ती स्वतः निघाली. विधवा अ‍ॅव्हिस गूच दारातच अडली. "दिलेली वस्तू परत मागतेस?"

"चरबी तुझीच. गाऊन झालं की आणून देते."

"चरबी गाऊन झाल्यावर?" अ‍ॅव्हिसने तिच्या कपाळाला हात लावून बघितला, आणि बरणी दिली.

बरण्या ओट्यावर मांडून अँब्रोजने क्रम लावला. कातरताना ओळींचे कोपरे गेले होते. तिथे त्याने आठवून, नाहीच आठवलं तर अंदाजाने, सूर भरले. कोरं झालेलं पान चरबीवरची उलटी शाई वाचून पुन्हा लिहिलं. एकच बरणी कमी होती, शेवटची. आमेन.

"ती कुणाला दिली, थॉमसिन?"

थॉमसिनने एप्रनला हात पुसले. पुसलेलेच पुन्हा पुसले. "डीनसाहेबांना. नाताळची भेट म्हणून."

ज्या डीनसाहेबांनी पुस्तकं जाळायचा हुकूम वाचून दाखवला, त्यांच्याच कोठीत ती लॅटिन पाठवून बसली होती.

दुसऱ्या दिवशी डीनसाहेब आपण होऊनच आले. झग्याखाली फुगवटा होता. दार लावून घेतलं आणि बरणी टेबलावर ठेवली. दोरासुद्धा सुटलेला नव्हता.

"बाई, तुमच्या या भेटीने माझी झोप उडवली," ते म्हणाले. "झाकण जाळावं तर चरबी उघडी पडते. चरबी खावी तर आधी झाकणावर नजर जाते. आणि वाचलं की मी गुन्हेगार. म्हणून तशीच ठेवली. वास मात्र रोज घेत होतो."

ईस्टरच्या सकाळी तिसऱ्या आवाजाचे तिघे गडी बरण्या उराशी धरून उभे राहिले. एक बरणी गाऊन संपली की पुढची हातात घ्यायची. बाकीच्यांच्या हातात पुस्तकं. थॉमसिन खांबाआड उभी होती. यात काही बिघडलं तर संध्याकाळी सामान बांधायचं, हे तिला माहीत होतं.

एका गोष्टीचा विचार कुणीच केला नव्हता. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपास अजून सुटला नव्हता. सुकवलेला मासा आणि वाटाणे खाऊन माणसं वाळली होती, आणि मिसा, म्हणजे ईस्टरची मुख्य उपासना, झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नव्हतं. समोर मेणबत्त्यांची रांग. बरण्या तापल्या, चरबी पातळ झाली, आणि झाकणाच्या कडेने डुकराचा, मिठाचा, रोझमेरीचा वास थेट तिघांच्या नाकात गेला.

तिघांच्या तोंडाला पाणी सुटलं. ओळ संपली की ते थांबत आणि गिळत. बाकीच्या आवाजांना त्यांच्यासाठी खोळंबावं लागे. देऊळ क्षणभर गप्प होई, मग तिसरा आवाज पुन्हा उठे, इतका आर्त की थॉमसिनच्या अंगावर काटा आला. आमेनपाशी सर्वांत उंच असलेला हम्फ्री रूक चक्क रडायला लागला.

बिशपचे डोळे भरले होते. "इतकी भूक," ते डीनसाहेबांना म्हणाले, "इतकी स्वर्गाची भूक मी कुठल्या गाण्यात ऐकली नाही. त्या थांबण्यासकट हे दर ईस्टरला झालं पाहिजे."

घर राहिलं. अँब्रोजने घरी येऊन सगळ्या पुस्तकांत त्या जागांवर बारीक अक्षरात लिहिलं: गिळा.

पुढच्या वर्षांत त्याला सुख लागलं. दोन मिसा रचल्या, बरीच स्तोत्रं रचली, सगळी लांब, सगळी लॅटिन, सगळी वासराच्या कातड्यावर. थॉमसिन मधूनमधून पान चिमटीत धरून जाडी बघे. तो घाबरून काढून घेई.

मग एका नोव्हेंबरात, डुक्कर कापायच्या दिवशीच, गावात बातमी आली. राणी वारली. धाकटी बहीण गादीवर, आणि ती बालराजाच्या वळणाची.

अँब्रोजने पुस्तकं आणून टेबलावर रचली आणि त्यांच्याशेजारी बसून राहिला. "आता पुन्हा आखूड," तो म्हणाला.

"माझ्या कबरीत घाल," सासूबाई म्हणाल्या. "मी निघालेच आहे."

"कबरीत ओल असते, आई," अँब्रोज म्हणाला.

थॉमसिन दारात उभी होती, हातात सुरी. तिने पुस्तकांच्या ढिगाकडे बघितलं, फडताळातल्या रिकाम्या बरण्यांकडे बघितलं, अंगणात टांगलेल्या डुकराकडे बघितलं. मग सुरी एप्रनला पुसली.

"यंदा दोन डुकरं मारायची," ती म्हणाली.